विद्यापीठाची मदत वेळेत कशी घ्यावी

मदत मागायला विद्यार्थी बहुधा सत्र संपत आल्यावर येतो. तोवर विषय बदलण्याची मुदत टळलेली असते, पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका रद्दीत गेलेली असते, अवघड विषयाचे जादा तास निम्म्याहून अधिक होऊन गेलेले असतात आणि समोर बसलेल्या शिक्षकाच्या हातात सहानुभूतीखेरीज फारसे काही उरलेले नसते. विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून काम करताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, विद्यापीठात मदत मिळत नाही ही तक्रार आता जरा सावधपणेच ऐकतो. मदत असते, पण ती वेगवेगळ्या खोल्यांत विभागलेली असते, प्रत्येक खोलीचे काम ठरलेले असते आणि बहुतेक कामांना तारखेचे बंधन असते. कोणत्या कामासाठी कोणाकडे, केव्हा आणि काय घेऊन जायचे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी तारखा, मग माणसे

पहिल्या दोन आठवड्यांतच शैक्षणिक वेळापत्रक आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका समोर घेऊन बसा आणि एका कागदावर तारखा उतरवून काढा. विषय बदलण्याची किंवा सोडण्याची शेवटची तारीख, शुल्काचा प्रत्येक हप्ता, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, निकालानंतर पुनर्मूल्यांकनासाठी मिळणारे दिवस, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागणार असेल तर त्या अर्जाची मुदत, एवढे त्यात हवेच. हा कागद फोनमध्ये न ठेवता टेबलासमोरच्या भिंतीवर लावावा असे माझे मत आहे, कारण फोनवरची आठवण बोटाच्या एका फटक्यासरशी नाहीशी होते.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला माणसांची नोंद करा. विभागाचे कार्यालय, तुमचे मार्गदर्शक शिक्षक, परीक्षा विभाग, शिष्यवृत्तीचे टेबल, ग्रंथालयातील संदर्भ विभाग, समुपदेशन केंद्र, दिव्यांग विद्यार्थ्यांचा कक्ष आणि तक्रार निवारण समिती यांपैकी जे जे तुमच्याकडे असेल त्याचा खोली क्रमांक आणि भेटीची वेळ लिहून ठेवा. यातल्या दोन-तीन ठिकाणी काम नसताना एकदा दारापर्यंत जाऊन या. हे वेडगळ वाटेल. पण अडचणीत सापडलेल्या माणसाला अनोळखी इमारतीत खोली शोधणेही जड जाते, आणि ओळखीचे दार गाठायला तो तेवढा कचरत नाही.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून ‘युनिव्हर्सिटी १०१’ नावाचा विषय नव्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो, आणि विद्यापीठात वावरायचे कसे, कोणती सोय कोठे आहे, अभ्यासाची घडी कशी बसवायची हा त्या विषयाचाच भाग असतो. तुमच्याकडे असा विषय नसेल, तर हा दोन बाजूंचा कागद म्हणजे त्याची घरगुती आवृत्ती समजा.

मार्गदर्शक शिक्षकांकडे काय विचारावे

विद्यार्थी चालू सत्राकडे पाहत असतो, तर मार्गदर्शकाने संपूर्ण पदवीकडे पाहणे अपेक्षित असते. समजा, दुसऱ्या सत्रातील गणिताचा एक विषय जड जातो आहे म्हणून तुम्ही तो सोडायचे ठरवले. त्या क्षणी ओझे हलके होते. परंतु तो उत्तीर्ण झाल्याशिवाय तिसऱ्या सत्रातले दोन विषय घेता येत नसतील आणि मूळ विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर त्या एका निर्णयाने पदवी वर्षभर लांबते. म्हणून मार्गदर्शकाला विचारण्याचा पहिला प्रश्न हा, की ‘हे आत्ता सोडले तर पुढे काय काय अडेल?’ ‘मी काय करू?’ असे विचारले की उत्तर मोघम येते. असे नेमके विचारले की समोरची व्यक्ती पुस्तिका उघडते.

अशा चुका वेळीच पकडण्यासाठी अमेरिकेतीलच जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये एक संगणकीय यंत्रणा सुरू केली. ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींमध्ये आठशेहून अधिक प्रकारच्या धोक्याच्या खुणा शोधते; चुकीच्या विषयासाठी झालेली नोंदणी ही त्यातलीच एक. खूण आढळली की मार्गदर्शक स्वतः विद्यार्थ्याला बोलावतो. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ या योजनेत तर मार्गदर्शकाची नियमित भेट ही अटच आहे. एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी सोपवले जातात आणि शुल्कातली तूट, पुस्तके, प्रवासखर्च यांचाही भार योजना उचलते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली तेव्हा तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण या योजनेत सुमारे ४० टक्के, तर योजनेबाहेर सुमारे २२ टक्के आढळले. यातला नेमका कोणता घटक किती कामी आला हे वेगळे काढता येत नाही, पण भेटी ठरावीक काळाने आणि अडचण नसतानाही व्हाव्यात हे त्यातून उचलण्यासारखे आहे, आणि ते करायला पैसे लागत नाहीत.

तुमच्या मार्गदर्शकाकडे शेकडो विद्यार्थी असतील, तर निम्मे काम तुम्ही करून न्यावे. उत्तीर्ण झालेले विषय, मिळालेले श्रेयांक, उरलेले विषय आणि दोन प्रश्न, एवढे एका पानावर लिहून नेले की दहा मिनिटांची भेट पुरते. न नेल्यास ती दहा मिनिटे तुमचा हजेरी क्रमांक शोधण्यातच संपतात.

शंका विचारण्याची रीत

बहुतेक शिक्षक आठवड्यातून काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात आणि त्यांतले बरेचसे तास ते एकटेच बसून काढतात. विद्यार्थ्यांना वाटते की, तिथे जायचे म्हणजे आपले अज्ञान उघडे करायचे. खरी गोष्ट अशी की, शिक्षकाला कंटाळा अज्ञानाचा येत नाही, तो मोघमपणाचा येतो. ‘सर, मला तिसरे प्रकरण अजिबात समजले नाही, कृपया मदत करा’ या निरोपाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर शिक्षकाला अख्खे प्रकरण पुन्हा शिकवावे लागेल. म्हणून तो ‘वर्गात भेटा’ असे लिहून मोकळा होतो. आता हा दुसरा निरोप पाहा:

‘सर, तिसऱ्या प्रकरणातील सोडवून दाखवलेल्या दुसऱ्या उदाहरणात चौथ्या पायरीवर ऋण चिन्ह कोठून आले ते मला कळले नाही. त्याआधीच्या तीन पायऱ्या मी स्वतः करून पाहिल्या असून वहीच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. बुधवारी दुपारी तीन वाजता, आपल्या शंकानिरसनाच्या वेळेत आलो तर चालेल का?’

खाली पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक. विषयाच्या ओळीत विषयाचे नाव आणि प्रकरण. याला उत्तर द्यायला शिक्षकाला दोन मिनिटे लागतात आणि तो ती आनंदाने देतो. गंमत अशी की, असा निरोप लिहिता लिहिता ऋण चिन्ह कोठून आले ते अनेकदा लिहिणाऱ्यालाच सापडते आणि निरोप पाठवायची वेळच येत नाही.

‘पण मला खरोखरच काही कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक उपाय आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत जा आणि जिथवर कळले तिथे पेन्सिलीने रेघ ओढा. ती रेघ तिसऱ्या प्रकरणात नसून पहिल्याच प्रकरणाच्या पाचव्या पानावर निघाली तरी हरकत नाही. तेवढी रेघ घेऊन जा. शिक्षकाला सुरुवात कोठून करायची ते कळते.

तपासलेली उत्तरपत्रिका फेकू नका

संपूर्ण सत्रात विद्यापीठाकडून मिळणारी सर्वांत नेमकी मदत म्हणजे तपासून परत आलेली पहिली उत्तरपत्रिका, आणि तीच विद्यार्थी गुण पाहून दप्तरात कोंबतो. २० पैकी ९ गुण मिळाले की ‘जास्त अभ्यास केला पाहिजे’ हा निष्कर्ष निघतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

उत्तरपत्रिका पुढ्यात घ्या आणि गेलेले ११ गुण कोठे गेले ते समासात लिहा. समजा, एक प्रश्न मुळात येतच नव्हता, तिथे ३ गुण गेले. दुसऱ्यात ‘तुलना करा’ असे विचारले होते आणि तुम्ही दोन्ही गोष्टींची स्वतंत्र वर्णने लिहून ठेवली; माहिती बरोबर, तरी ३ गुण गेले. शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचताच आले नाही, तिथे ४ गेले. एकक लिहायचे राहिले, १ गेला. म्हणजे अकरापैकी केवळ तीन गुण ‘अभ्यास कमी पडला’ या सदरात मोडतात. उरलेल्या आठांवर पुस्तक आणखी चार वेळा वाचून काहीही परिणाम होणार नाही.

आता प्रत्येक तुटीचे दार वेगळे. न आलेल्या प्रश्नासाठी जादा तास किंवा शंकानिरसन. ‘तुलना करा’, ‘विशद करा’, ‘चिकित्सा करा’ या शब्दांत परीक्षकाला काय अपेक्षित असते ते विषयशिक्षकाकडून एका उत्तराच्या आधारे समजून घ्यायचे. वेळ न पुरण्यावर उपाय ग्रंथालयात असतो: जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून त्या सोडवणे. हे शेवटचे काम विद्यार्थी टाळतात, कारण वाचनापेक्षा ते त्रासदायक असते.

तो त्रास वाया जात नाही, याचा चांगला पुरावा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांमध्ये वाचला, तर काहींनी तो एका फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला आणि वाचणाऱ्यांना सुमारे ४०. शिवाय, आपल्याला हे पुढे चांगले आठवेल अशी खात्री अधिक होती ती वाचणाऱ्यांनाच. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सगळे झाले आहे’ असे वाटणे किती फसवे असू शकते, ते यावरून कळावे. तुमच्या विद्यापीठात अभ्यासकौशल्याची कार्यशाळा होत असेल तर तिथे याच पद्धती शिकवतात का ते पाहा; रंगीत पेनांनी ओळी रंगवायलाच शिकवत असतील तर तो वेळ जुन्या प्रश्नपत्रिकांना द्यावा.

जादा तास कच्च्यांसाठी नसतात

कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठात १९७३ साली डिआना मार्टिन यांनी पूरक अध्यापनाची एक पद्धत सुरू केली, जी पुढे अनेक देशांतल्या विद्यापीठांनी उचलली. तिचे मर्म असे, की ‘कच्चा’ हा शिक्का विद्यार्थ्यावर मारायचा नाही. ‘अवघड’ हा शिक्का विषयावर मारायचा. ज्या विषयात साधारण तीस टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी नापास होतात, तळाच्या श्रेणीत राहतात किंवा विषय मध्येच सोडतात, त्या विषयाला जोडून जादा सत्रे ठेवायची आणि ती पहिल्या आठवड्यापासून सर्वांना खुली ठेवायची. सत्र घेतो तो शिक्षक नसतो, तर तोच विषय आदल्या वर्षी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी असतो, आणि तो व्याख्यानांना नव्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा बसतो. तुमच्या विद्यापीठात या धर्तीचे काही असेल, तर चाचणीत नापास होण्याची वाट न पाहता जा. नसेल, तर वरच्या वर्गातील एखाद्याला गाठून आठवड्यातून एक तास मागा.

गटाने अभ्यास करण्याबाबत मात्र एक सावधगिरी हवी. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन यांनी कलनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाचे बारकाईने निरीक्षण केले. मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते. ते नेटाने, पण एकेकटे अभ्यास करत होते. पुढे असणारे चिनी वंशाचे अनेक विद्यार्थी आधी एकटे उदाहरणे सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासत. ट्राइसमन यांनी यावरून जे वर्ग सुरू केले त्यांत उजळणीची सोपी उदाहरणे नव्हती, नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे होती, आणि त्यांत बसलेल्यांची कामगिरी ठळकपणे सुधारली.

गट करायचा तर हाच क्रम पाळा. तिघे-चौघे पुरेत. प्रत्येकाने ठरलेली पाच उदाहरणे आधी एकट्याने सोडवून यायची. सुटले नसेल तर कोठे अडले तिथे खूण करून यायची. भेटल्यावर फक्त उत्तरे न जुळलेल्या उदाहरणांवर बोलायचे. कोरी वही घेऊन जमलेल्या गटात एकजण सोडवतो, बाकीचे माना डोलावतात, आणि सगळ्यांना समजल्याचा भास होतो.

लेखन केंद्राबद्दल थोडक्यात. तिथे निबंध किंवा प्रकल्प ‘दुरुस्त करून’ मिळत नाही. तुमचा युक्तिवाद वाचकाला कोठे सुटतो ते दाखवले जाते. म्हणून अंतिम प्रत नव्हे, तर निदान आठवडाभर आधीचा कच्चा मसुदा घेऊन जावे. तसेच, संदर्भ सापडत नसतील तर तासभर स्वतः धडपडून मग थेट ग्रंथपालाला विचारावे; ती व्यक्ती त्याच कामासाठी बसलेली असते.

पैशाची अडचण लपवू नये

हुशार विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा कारण अनेकदा एखादा थकलेला लहानसा हप्ता असतो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ मध्ये हे ओळखून, थोडक्या थकबाकीमुळे नाव कमी होण्याच्या बेतात असलेल्या, विशेषतः पदवीच्या टोकाशी आलेल्या विद्यार्थ्यांच्या खात्यात लहान रकमा स्वतःहून भरायला सुरुवात केली. तिथे अर्जसुद्धा करावा लागत नाही. सर्वत्र असे घडत नाही. अन्यत्र अर्ज तुम्हालाच करावा लागतो, आणि तो मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. मुदतीच्या दोन आठवडे आधी ‘हप्ता पाडून द्यावा’ असा अर्ज घेऊन जाणाऱ्याला लेखा विभाग बहुधा ऐकून घेतो. मुदतीनंतर त्याच टेबलावर फक्त दंडाचा आकडा मिळतो. अर्जात अडचणीचे एक-दोन ओळींत स्पष्ट कारण, आत्ता भरता येणारी रक्कम आणि उरलेली केव्हा भराल ती तारीख लिहा.

मन थकले असेल तर

नव्या ठिकाणी ‘इथे आपण चुकून आलो आहोत’ असे वाटणे फार सार्वत्रिक आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या एका बैठकीत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले होते, ज्यांत ही भावना सर्वांनाच येते आणि हळूहळू ओसरते असे सांगितले होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या श्रेणींवर त्या तासाभराचा चांगला परिणाम पुढे तीन वर्षे दिसत राहिला. त्यामुळे वरच्या वर्गातील कोणाला ‘पहिल्या सत्रात तुला कसे वाटायचे?’ असे विचारण्यात वेळ फुकट जात नाही.

झोप उडणे, वर्गात जावेसेच न वाटणे, खाण्यावरची वासना जाणे हे दोन आठवडे टिकले तर समुपदेशन केंद्रात भेटीची वेळ घ्या. पहिल्याच भेटीत, इथे सांगितलेले कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत कळवले जाते, हे विचारून घ्यावे. तो तुमचा हक्क आहे. जिवाचे बरेवाईट करावे असे विचार येत असतील, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता त्याच क्षणी जवळच्या व्यक्तीला सांगा आणि रुग्णालय किंवा आपत्कालीन सेवा गाठा.

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा वाचन-लेखनाशी निगडित अडचण असेल, तर परीक्षेतील सवलतींसाठी सत्राच्या प्रारंभीच अर्ज करा, कारण वैद्यकीय कागदपत्रे गोळा करण्यातच बरेच आठवडे जातात. सवलत मिळाल्याचे पत्र शिक्षकाला दाखवणे सहसा पुरेसे असते. आजाराचा इतिहास वर्गात सांगत बसावे लागू नये.

कार्यालयातल्या खेपा

विद्यार्थी असताना माझा एक अर्ज तीन टेबलांवरून फिरून हरवला. प्रत्येक टेबलाने तो पुढच्या टेबलाकडे दिल्याचे सांगितले आणि मी तो दिला होता याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सवय लावायला सांगतो: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन पोच मिळवा. अर्ज ऑनलाइन असेल तर शेवटच्या पडद्यावर आलेल्या अर्ज क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवा. कोणी तोंडी काही सांगितले, तर त्याच दिवशी ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते त्यांना लेखी कळवा.

सांगितलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सगळी हकीकत लिहू नका. दुसऱ्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक द्या, पोचेची प्रत जोडा, तुम्हाला नेमके काय हवे आहे ते एका वाक्यात लिहा आणि प्रत विभागप्रमुखांना पाठवा. तेवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर हेच दोन कागद एकत्र टाचून तक्रार निवारण समितीच्या सचिवांकडे द्यावेत, आणि त्याचीही पोच घ्यावी.